परमुलखातली सुकट

खतिजाआपा गेल्याचं तिची सून शबाना दारात येऊन सांगून गेली, त्याला आता पाच आठवडे झाले. नातवंडांनो, तुमच्या बाबांना लहानपणी जेवू घालणारी शेजारीण ती हीच. शाळेत शिकवून, पुढच्या शिकवण्या आटपून मी कामतघरला परतेपर्यंत आजूबाजूच्या यंत्रमागांच्या खडखडाटातही तो तिच्याकडे गाढ झोपलेला असायचा, पोटात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

सत्त्याऐंशी साली तो शिकायला ग्लासगोला गेला आणि तिसऱ्याच महिन्यात पत्र आलं, "इथलं अन्न घशाखाली उतरत नाही. सगळं सोडून परत येतो." आपानं डबाभर सुकट भाजून दिली. मी पार्सल कापडात शिवलं आणि वरच्या कागदावर, माझ्या सवयीप्रमाणे, स्वच्छ इंग्रजीत लिहिलं : वाळवलेली मासळी. तिकडच्या कस्टमनं ते अडवलं.

"खरं कशाला लिवलंस बाई?" आपा म्हणाली. "लोणचं लिवायचं. एवढं शिकून हेच केलंस काय?"

पुढचे कित्येक दिवस मी पोस्टमनला दुरून पाहिलं तरी धसका घ्यायचे... परतीचं तिकीट काढल्याचं तर कळवत नसेल? अखेर पत्र आलं. कॉलेजमागच्या एका चिनी बाईच्या दुकानात त्याला सुकट मिळाली होती. आपल्याहून बारीक, पाकिटावर न वाचता येणारी अक्षरं. ती भाजताच हॉस्टेलच्या पोरांनी भराभर खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरचा एक मलेशियन मुलगा मात्र वासामागं ताटली घेऊन खाली आला. दोघांनी भाताबरोबर पाकीट संपवलं. परत येण्याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता.

आपाला ते वाचून दाखवताना मी अडखळले. तिच्या हातची नव्हती ना ती... आपानं ओढणीनं डोळे पुसले.

"सुटले मी. माझ्यावाचून जेवला. आता कुठंबी जगंल."

गेल्या शुक्रवारी शबानानं मला जेवायला बोलावलं. सासू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच सुकट भाजली होती. पहिला घास घेईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"मावशी, मीठ कमी पडलं ना?"

"पडलं," मी म्हटलं, आणि दुसरी भाकरी मागून घेतली.