फुलाखालचा हात

हॉलातल्या भिंतीवर माझा हात दिसला. माणसाएवढा मोठा केलेला फोटो. तळव्यावर आमच्या सड्यावरचं, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावरचं, इवलंसं पांढरं फूल.

हात माझाच. काजूच्या तेलानं काळी पडलेली कातडी, आणि कोयतीनं अर्धं गेलेलं पहिलं बोट. असा हात अख्ख्या रत्नागिरीत दुसरा कुणाचा असेल तर दाखवा.

साहेबांचा सत्कार होता. साहेब म्हणजे झाडापाल्याचे मोठे शास्त्रज्ञ. हे फूल जगाला त्यांनी सांगितलं. मी मागच्या बाजूला, शेजारी माझी मुलगी. तिनंच पेपरात वाचलं आणि मला इस्त्रीचा सदरा घालून आणलं. बोलावणं नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, हा हात कुणाचा हो?"

साहेब माईकवर बोलले, "तो होय? असाच एक कामाचा माणूस होता. सामान उचलायला."

कोण तरी बोललं, "नखं तरी कापून घ्यायची त्याची!"

हॉल हसला. साहेबही हसले.

मी हात टोपीखाली लपवला. माझा हात. मीच लपवला.

कामाचा माणूस! साहेब तरुण होते तेव्हापासून पावसाळ्यात आमच्याकडे यायचे. माझ्या ओटीवर झोपले. माझ्या बायकोच्या हातची कुळथाची पिठी आणि भात जेवले. सड्यावर चढण्याआधी राखणदार देवाच्या दगडापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. सडा त्याचा. वर कोण जातंय, कशाला जातंय, हे त्याला सांगूनच कातळावर पाय टाकायचा. तो मान आमच्या घराचा. दर वर्षी मी ओरडून सांगायचो, "बा म्हाराजा, हा अमक्याचा मुलगा अमका, तुझ्या सड्यावर फुलं बघायला आलाय. त्याच्या पायाला काटा लागू देऊ नको, त्याच्या कामाला यश दे." बायको मागून "व्हय म्हाराजा" म्हणायची. साहेबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गावाचं नाव. एक अक्षर कधी चुकलो नाही. साहेब हात जोडून उभे असायचे. मला हाक मारायची झाली तर "अरे" म्हणायचे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मग एक पाहुणे बोलायला उठले. साहेबांचं लिखाण म्हणे जगभरचे शास्त्रज्ञ वाचतात आणि आपण लिहिताना साहेबांचं नाव घेतात. जितके जास्त लोक नाव घेतील, तितकं ते संशोधन मोठं. आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव टाळलं, तर ती त्यांच्यात चोरी धरतात.

माझी शाळा चौथीत सुटली. पण हे मला लगेच कळलं. म्हणजे तुमच्यातही गाऱ्हाणं असतं. फक्त त्यात आमची नावं येत नाहीत.

मुलीनं माझ्या मांडीवरची टोपी उचलली. "बाबा, हात काढा बाहेर," ती बोलली. "तुमी काय चोरलं नाय."

मी उठलो. हात वर केला. अर्ध्या बोटासकट.

"साहेब, तो हात माझा."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. साहेबांनी चष्मा सारखा केला. "अरे! तू होय! ये, ये. चहा घेऊन जा हां. जेवणपण आहे मागे."

"च्या नको. माझं नाव घ्या."

"अं?"

"देवापुढं तुमचं नाव घेत आलो. तुम्ही माणसांपुढं माझं घ्या. एकदाच."

साहेब हसायला गेला. जमलं नाही. शेजारच्याकडे बघितलं. मग माईकपासून तोंड बाजूला करून हळूच बोलला, "काय रे… तुझं नाव काय?"

ओटीवर झोपला. पिठी जेवला. नाव ठाऊक नाही.

मी नाही सांगितलं. मला खांद्याला धरून बसवायला कुणी आला, त्याचा हात झटकला आणि लेकीबरोबर बाहेर पडलो.

गणपतीनंतर त्याचे विद्यार्थी गाडी घेऊन दारात आले. "आजोबा, सरांनी पाठवलंय. गाऱ्हाणं घाला ना, आम्हाला व्हिडीओ करायचाय."

"सडा माझ्या बापाचा नाय. वाट मोकळी हाय, जावा," मी बोललो. "गाऱ्हाणं मिळणार नाय. हातपण नाय."

वाडीतले बोलले, म्हातारा चळला, एवढ्या मोठ्या माणसाला दुखावतो. मोठा असेल. मीपण लहान नाही.

माझं नाव मी इथं लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नव्हे. आमच्या वाडीत कुणालाही विचारा, सांगतील. साहेबानं यावं, गाडीतून उतरून चालत यावं, लोकांना विचारावं आणि त्या फोटोखाली स्वतःच्या हातानं लिहावं. तोवर माझा हात कुणाच्या फुलाखाली जाणार नाही. आणि राखणदारापुढं साहेबाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.