मंदाच्या दाराची कडी

पोलीस शिपाई समन्स घेऊन आमच्या गल्लीत आला तेव्हा मंदाला जाऊन अकरा दिवस झाले होते. तिच्या दाराला कुलूप, म्हणून शेजारी माझ्याकडे आला. सहा वर्षं रखडलेल्या मारहाणीच्या खटल्यात अखेर तिची साक्ष लागली होती म्हणे. ती वारली, असं सांगितलं तर म्हणतो, मग सही कोण करणार? डोकंच सणकलं माझं. शेवटी त्याच्याच सांगण्यावरून कागदामागे ‘मयत’ लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली.

मंदा गडचांदूरला माझ्याच शाळेत शिकवायची. दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघांच्या नावावर. एका संध्याकाळी त्यानं तिला अंगणात मारलं, ती आत पळाली, कडी लावून घेतली, तर त्यानं लाथा घालून दार फोडलं. कडी चौकटीच्या लाकडासकट उखडून आली. तिच्या तक्रारीवरून खटला उभा राहिला. मग त्यानं घराच्या वाटणीचा दावा लावला, आणि घटस्फोटाचा दावा आपल्या गावाकडे, गडचिरोलीला. घटस्फोटाच्या कोर्टात म्हणायचे, आधी मारहाणीचा निकाल लागू द्या. घराच्या कोर्टात म्हणायचे, आधी घटस्फोटाचं काय ते होऊ द्या. आणि मारहाणीतले पंच कधी तेंदूपत्ता तोडायला गेलेले, कधी कुणाच्या लग्नाला. एकाच दिवशी दोन गावांत तारखा पडायच्या. बाईनं काय स्वतःचे दोन तुकडे करायचे होते?

त्यात घराला ‘जैसे थे’चा हुकूम लागला. निकाल लागेपर्यंत घरात कुणी काही बदलायचं नाही. मंदानं भाबडेपणानं सुतार बोलावून नवी कडी बसवून घेतली. आठ दिवसांत नवऱ्याच्या वकिलाचा अर्ज आला... हिनं हुकूम मोडला, शिवाय तुटलेल्या चौकटीचा पुरावा नष्ट केला! घाबरून मंदानं कडी काढून टाकली. मी भांडले तिच्याशी, पण लेखी परवानगीशिवाय खिळाही ठोकणार नाही म्हणाली. परवानगीचा अर्ज केला, तर त्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं यायचं राहिलं, ते राहिलंच. दर महिन्याला ती एसटीडी बूथवरून वकिलांना फोन करून तेच विचारायची. नवरा मात्र मनाला येईल तेव्हा यायचा, दार ढकलायचा, उंबऱ्यात उभा राहायचा, निघून जायचा. घर सोड म्हटलं तर वकील सांगायचे, सोडलं की ताबा गेला. म्हणून ती पत्र्याची पेटी दाराला लावून तिच्यावरच बसून वह्या तपासायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, देऊन टाक ना त्याला सगळं. तर म्हणाली, “ताई, घर त्याले पाहिजे तं घेऊ दे. मले फक्त आतून लागनारी कडी पाहिजे. एवढंच मांगून राह्यली, तं काऊन देत नाई कोनी?”

अंगात ताप असताना ती गडचिरोलीच्या तारखेला निघाली. नको जाऊस, म्हणून हात जोडले मी. पण गैरहजर राहिले तर एकतर्फी निकाल लागेल, ही धास्ती. पाच तास एसटीत धक्के खात गेली, तर जजसाहेब रजेवर. पुढची तारीख घेऊन परत आली. मेंदूचा मलेरिया निघाला, चौथ्या दिवशी संपलं. तिचा राग येतो मला, सगळ्यांचाच येतो... अजून येतो.

समन्सनंतरच्या रविवारी तिचा नवरा सुतार घेऊन आला. घटस्फोट झाला नव्हता, मूलबाळ नव्हतं, म्हणजे कायद्यानं तिचा वारस तोच. मला राहवलं नाही. कुंपणाशी जाऊन विचारलं, कोर्टाची परवानगी घेतली का?

“कोनाची परवानगी, बाई?” तो अगदी शांतपणे म्हणाला. “आता घर माझंच हाय.”

सुताराला दहा मिनिटं लागली. मग नवऱ्यानं आत जाऊन दार लावून पाहिलं आणि कडी लागल्याचा आवाज आला. दार फुटल्यापासून मंदाला तो आठच दिवस ऐकायला मिळाला होता.