किसनचा खांदा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच — ती इंग्रजीत प्रश्न विचारतील, आणि इंग्रजीत मला खोटं बोलणं फार सोपं जातं.

मी पारधी. झालं, निम्मं तर इथंच सांगून झालं. इंग्रजांनी कायदा करून आमची अख्खी जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती. माझी आई सोलापूरला सरकारी तारेच्या कुंपणात जन्मली. तिथं माणसांची रोज हजेरी व्हायची, गुरांची करतात तशी. पुढं कायदा गेला, तार गेली — पोलिसांच्या डोक्यातून मात्र काहीच गेलं नाही. मी शिकलो, आडनाव बदललं, आणि नव्वदच्या दशकात बहरीन गाठलं. नोकरी कसली? टाइमकीपरची. मआमीरजवळच्या लेबर कॅम्पच्या फाटकावर रोज सकाळी कामगारांची हजेरी घ्यायची. हसू येतंय ना? मला तेव्हा येत नव्हतं. रुबाब वाटायचा.

एकदा नव्या कामगारांत किसन दिसला. आमच्याच वस्तीतला, माझ्याहून बराच मोठा. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिलेली. तो आमच्या बोलीत काहीतरी हसून बोलला. मी हिंदीत त्याचं नाव विचारलं. तो समजला — पुन्हा कधी त्यानं ओळख दाखवली नाही.

मग मेसच्या आचाऱ्याची सोन्याची चेन गेली. कॅम्प-बॉसनं मला बोलावलं. "ये किसन तुम्हारे सोलापूर का है ना? कैसा आदमी है?"

काय बोलायला हवं होतं? ‘माहीत नाही’ एवढंही पुरलं असतं. पण मी घाबरलो. उद्या माझीच चौकशी झाली तर? मी म्हणालो, "पारधी है साहब. चोरी इनके खून में होती है."

गोऱ्या साहेबाचंच वाक्य ते. साहेब केव्हाच गेला होता, आणि ते माझ्या जिभेवर आयतं तयार होतं.

बॉसनं किसनला आत घेतलं. माझ्याकडे बोट करून विचारलं, "इसको पहचानता है?"

किसननं माझ्याकडे पाहिलं. "नहीं साहब. ये बड़े लोग हैं."

त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. खलास. तो गेल्यावर चेन आचाऱ्याच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. सगळे हसले. मीही हसलो.

सुट्टीवर गेलो तेव्हा आईनं विचारलं, "किसन का रं परत आला?"

मी सांगितलं — चोरी केली त्यानं.

जिला जन्मापासून चोर म्हटलं गेलं, त्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेला ना! तिनं किसनला पुन्हा दारात उभं केलं नाही. मग वस्तीनंही नाही.

आई गेली तेव्हा तो खांदा द्यायला आला होता. लोकांनी ‘चोर’ म्हणत त्याला मागं सारलं. पुढचा खांदा माझा होता. मी सगळं ऐकलं, आणि चालत राहिलो.