मोकळा हत्ती

डोळे मिटण्यापूर्वी माणसाने एकदा तरी कुणाच्याही मालकीचा नसलेला जीव पाहावा, त्याशिवाय ईश्वराची ओळख पुरी होत नाही. हे आमच्या आत्याचं म्हणणं. डोळ्यांत थेंब घालून दवाखान्यात बसलेली असताना तिने ते सांगितलं, म्हणून मला ते उपनिषदातलं वाटलं. घरी आल्यावर कळलं, शेजारणीची सून नुकतीच उटीला जाऊन आली होती.

डोळ्यांचं मात्र खरं होतं. उजवा गेलाच होता, डाव्यातली नजरही फार दिवस राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा वारल्यावर आत्या सासरचं घर सोडून तंजावूरला आमच्याकडे आली होती, आणि इथे हत्तींना तोटा नाही. देवळाच्या दारात एक उभा असतो, नाणं घेतो, डोक्यावर सोंड ठेवतो, नाणं माहुताला देतो.

"तो हत्ती नव्हे रे, गुमास्ता," आत्या म्हणे. "मज रानातला पाहायचा आहे. पायांत साखळी नको, कपाळास गंध नको. मजकडे काही न मागणारा."

तेव्हा चिंचेचा भात आणि दहीभात बांधून आत्या, बायको आणि मी भाड्याच्या मोटारीने उटीला गेलो.

हॉटेलच्या नावात 'पॅलेस' होतं. आमच्या पूर्वजांनी राजवाड्यात कारकुनी केली, त्यामुळे राजवाडे कसे गळतात ते आम्हांला पिढीजात ठाऊक आहे. हाही गळत होता. रजईला आधीच्या पाहुण्याच्या खोबरेल तेलाचा वास होता, आणि तो पाहुणा केसाळ होता. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या आणि पाण्याला गटाराची घाण. काठावरची नवी जोडपी नाक दाबून उभी होती. फोटोपुरतं सोडत, पुन्हा दाबत. घोड्यांच्या पाठीवर जखमा, जखमांवर माशा, माशांवर खोगीर, आणि खोगिरावर विजयी मुद्रेने बसलेला एखादा गृहस्थ. दर दुसऱ्या दुकानावर 'घरगुती चॉकलेट'ची पाटी. एवढी चॉकलेटं करणारी ती घरं कुठे आहेत, हे कुणी सांगेना.

आत्याला यातलं काही नीट दिसत नव्हतं. "हवा चांगली आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून खालच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. फाटकाशी आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून घेतल्या. आत पहिलंच हरीण भेटलं, ते चिप्सचं पाकीट चघळत होतं. सफारीच्या गाडीत मागच्या बाकावरचं कुटुंब मोबाइलवर गाणी लावून वाघाची वाट पाहत होतं. वाघ शहाणा होता.

"हत्ती दिसला का रे?" आत्या दर वळणावर विचारी.

"नाही आत्या."

"मग आत्ता काय हललं?"

"मागच्या बाकावरचे काका. उभे राहून खिडकीबाहेर थुंकताहेत."

सफारी संपली. हत्ती नव्हता. आत्या चष्मा काढून पदराने पुसत राहिली, जणू दोष काचेचा होता. तिला पाय मोकळे करायला नदीकडे नेलं, आणि तिथे बांबूच्या बेटाशी तो उभा होता.

"आत्या, समोर! समोर पाहा!" बायको ओरडली.

आत्याने हात जोडले. "मोकळा आहे?"

गवतातली साखळी मला दिसली. बायकोलाही दिसली. ती शाळेत शिकवते, शाळा तपासायला साहेब आले की जो आवाज काढते, त्याच आवाजात म्हणाली, "अगदी मोकळा."

"कपाळास?"

"काही नाही." हे खरं होतं. नुकतीच अंघोळ झालेली दिसत होती.

आत्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

तेवढ्यात हत्तीने एक पाऊल पुढे टाकलं, सोंड लांब केली आणि आत्याच्या डोक्यावर ठेवली. आत्या हलली नाही. फक्त तिचा हात आपोआप कमरेच्या पिशवीत गेला आणि नाणं घेऊन बाहेर आला. सोंडेने ते उचललं आणि बांबूमागे दिलं. बांबूमागून बिडी विझवत माहूत आला.

"कुठलं गाव, अम्मा?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"तंजावूर."

"म्हणजे आपलीच माणसं! आम्ही पापनाशमच्या देवळाचे. विश्रांतीला पाठवलंय हत्तिणीला. लॉरीने आणली."

आत्याने नजर बारीक करून हत्तिणीच्या कानाकडे पाहिलं. "कानास इथे भोक आहे का रे?"

"आहे, अम्मा."

आत्याने पदर सारखा केला. "चला, भात खाऊन घेऊ," ती म्हणाली.

आत्याचं सासर पापनाशमचं. घर देवळासमोरच होतं.