अंधुक मॉनिटर आणि माझी तीक्ष्ण नजर

शनिवारी सकाळी, पोहे आणि चहाच्या मधे, माझे डोळे गेले.

मी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्टर आहे. बावीस वर्षं पार्टवरचा केसाएवढा ओरखडा नुसत्या नजरेने पकडतोय (आणि घरी कुणी विचारलेलं नसताना सांगतोयही). घरी लॅपटॉपचं झाकण मिटून मोठ्या मॉनिटरवर ड्रॉइंग तपासायची माझी पद्धत. त्या सकाळी मॉनिटर लावला, तर सगळी अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. आणि सोमवारी कंपनीत आम्हा इन्स्पेक्टर लोकांची वार्षिक डोळे तपासणी! नापास झालो की रवानगी पॅकिंगला, खोक्यांना पट्ट्या मारायला. मला खरोखर घाम फुटला.

"पोह्यातली मोहरी दिसते ना?" बायकोने, सुनंदाने, विचारलं.

"दिसते."

"मग डोळे ठीक आहेत."

मोहरीवर माझा पगार अवलंबून नाही, हे तिला कसं सांगणार? मी स्क्रीन पुसला, केबल काढून घातली, प्लग बदलला. काही फरक नाही. मग कंपनीची पद्धत काढली: दोष सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचं. कॅलेंडरच्या मागे लिहायला घेतलं. अक्षरं अंधुक का? डोळे अंधुक. डोळे अंधुक का? वय झालं. वय का झालं?

"जन्माला का आलात, ते राहिलं," सुनंदा मागून म्हणाली.

"काय करायलास रे?" कोचावर बसलेल्या अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी लातूरहून पिंपरीत आले, फिटर म्हणून निवृत्त झाले, बोली मात्र लातूरचीच. मी डोळ्यांचं रडगाणं सांगितलं. त्यांनी लगेच माझ्या दोन्ही डोळ्यांत गुलाबपाणी ओतलं. आता टेबलही अंधुक दिसायला लागलं.

तेवढ्यात ऋतुजा, आमची मुलगी, क्लासहून आली. माऊस दोनदा फिरवून म्हणाली, "बाबा, कुणीतरी रिझोल्यूशन कमी केलंय. म्हणून ब्लर दिसतंय."

"म्या केलंय," अण्णा शांतपणे म्हणाले. "ह्याच्यावर पेपर वाचताना अक्षरं लई बारीक दिसायली. मोठी केली."

"अण्णा, सकाळपासून तुम्ही इथेच बसलाय ना?" मी विचारलं.

"तू डोळ्याचं बोलायलास. मॉनिटरचं कुठं इचारलास?"

ऋतुजाने रिझोल्यूशन पूर्ववत केलं. "आता बघा, एकदम शार्प. वाचा."

डोळे शाबूत आहेत या आनंदात मी छाती फुगवली आणि सकाळचं ड्रॉइंग खणखणीत वाचलं. "बोअर डायमीटर पंचवीस, टॉलरन्स..."

ऋतुजा स्क्रीनजवळ वाकली.

"बाबा," ऋतुजा म्हणाली, "हे अण्णांचं राशिभविष्य आहे."

"म्हणूनच मोठी केल्तो," अण्णा म्हणाले.

बावीस वर्षं मी लोकांचा माल परत पाठवला. सोमवारी डॉक्टरांनी मला परत पाठवलं, आणि संध्याकाळी संत तुकाराम नगरच्या चष्म्याच्या दुकानात मी मुकाट्याने रीवर्कसाठी जमा झालो.