दादा पीत नव्हता

“चप्पल बाहर उतार.”

ठेकेदाराचा मॅनेजर. खोलीत बाकी सगळ्यांच्या पायांत बूट होते. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी मला खाली फरशीवर बसवलं. त्याच सकाळी माझा मोठा भाऊ प्लांटमध्ये शेडवरून पडून मेला होता. त्याला सेफ्टी बेल्ट दिलाच नव्हता. मी बाजूलाच काम करत होतो. मला ठाऊक होतं.

“तेरा भाई पीके आया था ना? तुम लोगों का तो यही है. बोल, नहीं तो कल से गेट पास बंद.”

मी होकाराची मान हलवली.

दादा थेंबसुद्धा घेत नव्हता. आमचं घर बौद्ध. तो आणि वहिनी हुडको कॉलनीत येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागले, तेव्हाच त्याची बाटली सुटली होती. त्यावरून मी त्याला टोमणे मारायचो. आणि मीच त्याला मेल्यावर दारुडा ठरवलं. त्यावरून ठेकेदारानं वहिनीला भरपाई नाकारली. मी कामावर जात राहिलो. डबा उघडायचो, तसाच बंद करायचो.

शेवटी एका रविवारी प्रार्थनेला जाऊन बसलो. तिथे प्रभुभोजनाची भाकर ताटलीतून हातोहात फिरते. ज्यानं कुणाचं वाईट केलं असेल, त्यानं आधी त्याच्याशी मिटवायचं, मगच ती घ्यायची. ताटली माझ्यापुढे आली ती वहिनीच्याच हातून. माझा हात पुढे होईना.

“वहिनी, दादा पेला नव्हता. मी खोटं बोललो.”

सगळ्यांनी ऐकलं. वहिनी रडली, खूप रडली.

“मले मालूम हाय, भाऊजी. तुमी कधी बोलता म्हनून वाट पाहून राहिली होती. येशूनं मले माफ केलं, मंग मी तुमाले कशी नाही करू? घ्या.”

मी भाकर घेतली. पोरासारखा हुंदके देऊन रडलो. छातीवरचं ओझं उतरलं, खरंच उतरलं. पण बाहेर आल्यावर वहिनी हळूच म्हणाली, “पोरीले शाळेत अजून दारुड्याची म्हनतेत.”

पास्टर म्हणाले, झालं ते प्रभूच्या पायाशी ठेव. माझं पाप मी तिथं ठेवलं. पण दादाचं नाव तिथं सोडून येणार नाही.

वहिनीची केस लेबर कोर्टात आहे. उद्या मी तिथं उभा राहणार. गेट पास जाईल, जाऊ दे. विचारतील, तेव्हा खोटं का बोललास? भ्यालो म्हणून, असं सांगेन. आणि कुणाला भ्यालो, तेही नाव घेऊन सांगेन.