मी मरत नाही ते नाटक

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मेले. रंगमंचावर. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात आईने दुसऱ्या अंकात खोकायचं, मुलाचा हात सुनेच्या हातात द्यायचा आणि डोळे मिटायचे, ही ठरलेली रीत. आदल्याच हंगामात मी ज्या नटाची नायिका होते, त्याचीच आता आई झाले. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा!

पुढची वीस वर्षं मी गावोगाव मरत राहिले. आरमोरीकडे तर माझा पहिला खोकला ऐकू आला की बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. टाळ्याही पडायच्या, खोटं कशाला बोलू. पण मनातून चीड यायची. माझी आई साठीतही दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करायची, आणि बांधावर बसलेल्या गड्यांना शिव्या घालायची. असली बाई कुठल्याच नाटकात का नसते, असं मी कितीदा विचारलं. लोक हसण्यावारी न्यायचे.

त्यात पंचेचाळिशीत माझे केस खरोखरच पिकले. कंपनी नारळ देईल या धास्तीने मी दर पंधरवड्याला ते काळे करायची, आणि नाटकाआधी त्याच काळ्या केसांवर पांढरी पावडर थापायची. पांढऱ्याचे काळे, काळ्याचे परत पांढरे. मेकअपवाल्याला याचं फार हसू यायचं. मला नाही यायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या मालकाने स्वतः नवं नाटक लिहिलं. मासेमारी करणारी पंचावन्न वर्षांची बाई गावच्या तलावाचा ठेका बायांच्या नावावर मिळवते, अशी गोष्ट. त्याने ते माझ्या हातात ठेवलं. मी एका बैठकीत वाचून काढलं. बाई शेवटपर्यंत जिवंत होती. मी दोनदा पानं उलटून खात्री केली.

“भाऊ, पोस्टरवर माहे खरे पांढरे केसच राहू द्या,” मी म्हटलं.

“बाई, पांढरे केस पाहून कोनी बुकिंग करन का जी?”

“नाई केलं तं पुढच्या हंगामापासून खोकत राहीन. पुन्हा तोंड उघडनार नाई.”

बोलून बसले खरी. चार महिने केसांना रंग लावला नाही. दसऱ्यानंतर कंपनीच्या वडशाच्या ऑफिसात गावोगावची मंडळं नाटक ठरवायला येऊ लागली. पोस्टर बघायची, आणि हटकून विचारायची, “हे बाई कोन्त्या अंकात मरते?”

“नाई मरत,” मालक म्हणायचा.

मंडळी मान हलवायची आणि शेजारचं पोस्टर निवडायची. असे तीन आठवडे गेले. मी घशाला खोकल्याची सवय परत लावायला घेतली होती.

मग सावलीकडच्या एका गावचं मंडळ आलं. त्यात एक माझ्याच वयाची बाई होती. तिनेही तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर ऐकलं, आणि सोबतच्या पुरुषांकडे वळून म्हणाली, “नाई मरत म्हन्ते. मंग हेच घ्या.”

प्रयोग झाला. ठेक्याच्या प्रवेशात मी गड्यांना आईच्याच शिव्या घातल्या, जरा धुवून पुसून. कोणी डोळ्यांना पदर लावला नाही. बाया उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मी पुढचं वाक्यच विसरले, आणि प्रॉम्प्टरला दोनदा सांगावं लागलं.

सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरी, रीतीप्रमाणे गावातल्या बाया कलाकारांना बघायला आल्या. मी अंगणात चहा पीत होते. मंडळातली ती बाई जवळ आली. न विचारताच तिने माझ्या केसांवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोटाला पांढरं काही लागलं नव्हतं. तिने साडीला पुसून परत एकदा फिरवलं.

मग फाटकाशी थांबलेल्या बायांना तिने जोरात हाक मारली, “या वं, या! पावडर नाई. आपल्यावानीच आहे हे.”

मी कप खाली ठेवला आणि डोकं पुढे केलं.